बैल विकून भरलेली पावती

वाचकांचे प्रश्न : कर्ज, वसुली आणि घरातला पैसा

प्रश्न : साहेब, मी औसा तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर कोरडवाहू जमीन. सोसायटीचं पीक कर्ज १,१०,००० रुपये आहे. वडिलांच्या काळापासून आमचं खातं कधी थकलेलं नाही. माझ्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे, त्याच्या बापाचं २००८ ला माफ झालं आणि त्याचं स्वतःचं २०१९ ला. आता तो निवडणुकीतल्या आश्वासनावर निवांत बसलाय. चौकात चार माणसांत मला म्हणतो, 'तू भर बाबा, बँक तुझ्याच जिवावर चालते.' यंदा माझं सत्तावीस क्विंटल सोयाबीन ४,१०० च्या भावानं गेलं. मुलगा म्हणतो, या मार्चला भरू नका. बायको म्हणते, भरा, झोप तरी लागते. मला दोन गोष्टी सांगा. मी भरू का? आणि थकवणाऱ्याला असं दर वेळी सोडवत राहिलं की माणसं बेजबाबदार होतात, हे सरकारला कळत नाही का?

उत्तर : भरा. का, ते शेवटी आकड्यांत सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आधी एक पावती दाखवावी लागेल. मी जिल्हा बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक तपासणीस म्हणून, गावोगावच्या सोसायट्यांची वसुली बघत. २००८ च्या फेब्रुवारीत मांजरेच्या काठच्या एका गावात मी गटसचिवाला घेऊन एका म्हाताऱ्याच्या घरी गेलो होतो. सगळे त्यांना आबा म्हणायचे. चार एकर जमीन, १८,४०० रुपये थकबाकी, आदल्या वर्षीची. मार्चअखेर जवळ आलेली, माझ्यावर वरून दट्ट्या होता. मी ओसरीवर बसून त्यांना सांगितलं, 'आबा, आता कलम १०१ ची नोटीस निघेल, जमिनीवर जप्ती येईल.' चहा घेऊन आलो. २० फेब्रुवारीला आबा बँकेत आले आणि सगळे पैसे भरून गेले. हाळीच्या बाजारात जोडीतला एक बैल १६,००० ला विकला होता, वरचे पैसे कुठून तरी उभे केले होते.

२९ फेब्रुवारीला तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री चिदंबरम यांनी बजेट मांडलं. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं, ३१ डिसेंबर २००७ ला थकीत असलेलं आणि बजेटच्या दिवशीही न भरलेलं कर्ज माफ. दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याचं सगळंच्या सगळं. आबा प्रत्येक अटीत बसत होते, फक्त एकीत नाही. त्यांनी नऊ दिवस आधी भरलं होतं.

जूनमध्ये शाखेच्या भिंतीवर लाभार्थींच्या याद्या लागल्या. आबा आले. यादी त्यांना वाचता येत नव्हती, शिपायानं वाचून दाखवली. मग ते माझ्या टेबलापाशी आले. चंचीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून पावती. घडी इतक्या वेळा उघडली होती की मधोमध फाटायला आली होती. टेबलावर ठेवून म्हणाले, 'साहेब, नऊ दिस उशिरा आलो असतो तर?' आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. मी काहीही बोललो नाही. पावती परत घडी घालून त्यांच्या हातात दिली. त्या वर्षीची पेरणी त्यांनी वारंगुळ्यावर केली, आपला उरलेला एक बैल दुसऱ्याच्या एका बैलाला जोडून.

आबा पुढं हयात असेपर्यंत नियमित भरत राहिले. त्यांच्यानंतर जमीन मुलाच्या नावावर झाली आणि खातं पहिल्याच वर्षी थकलं. मी त्याच ओसरीवर जाऊन बसलो. पोरगा शांतपणे म्हणाला, 'हाळीला बैल घेऊन मीच गेलो होतो साहेब.' पुढं त्याला काही सांगावंसं मला वाटलं नाही.

त्याच भिंतीवरच्या यादीत त्याच गावातल्या एका बाईचं नाव होतं. नवरा वारलेला, तीन एकर, ९,२०० रुपये माफ. तुमच्या हिशेबानं ही बाई बिघडायला हवी होती. तिला पुढच्या हंगामात नवं कर्ज मिळालं आणि माझ्याकडं ते गाव होतं तोवर दर मार्चला तिनं ते फेडलं. स्टीलच्या डब्यात नोटा घेऊन यायची, मोजून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायची नाही. तिला कर्ज बुडवायचं कधी नव्हतंच, तिच्याकडं तेव्हा नव्हते एवढंच.

म्हणजे जिला वाचवलं ती बाई सुधारली, आणि ज्याच्या बापाला वाचवलं नाही ते पोर थकबाकीदार झालं. माझ्या नोकरीतलं हे एकच उदाहरण असतं तर मी त्यावर इतका जोर दिला नसता. पण मी १९९० ची दहा हजारांपर्यंतची माफीही पाहिली, व्ही. पी. सिंगांच्या सरकारची. तेव्हा मी नवा होतो आणि अर्थमंत्री आपल्या कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते. तेव्हाही हेच दिसलं. माफीनं बिघडतो तो बहुधा माफी मिळालेला गरजू नसतो. भिंतीवरची यादी वाचून घरी जाणारा बिघडतो. त्याला त्या दिवशी कळतं की आपण पोटाला चिमटा घेऊन भरलं याची कुठंही नोंद नाही, आणि न भरल्याची मात्र आहे.

आणि तिसरा एक असतो, त्याच्याबद्दल गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्याच सोसायटीत एका संचालकाच्या घरात सहा खाती होती. जमीन कागदोपत्री वाटून प्रत्येक तुकडा पाच एकरांच्या आत आणलेला. रस्त्याला खताचं दुकान, दारात नवा ट्रॅक्टर. सहाही खाती थकीत. त्याच्या ओसरीवर जप्तीचं नाव काढायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही, हे इथं लिहायलाच पाहिजे. आबांना मी जे बोललो ते त्याला बोलायची माझी हिंमत झाली नाही. हा माणूस खरा बेजबाबदार होता, आणि तो माफीमुळं तसा झाला नव्हता. माफीच्या कितीतरी आधीपासून त्याला माहीत होतं की आपल्याला काही होत नाही.

बँकेबद्दलही बोलू. कर्जमाफी शेतकऱ्याची म्हणतात, पण पैसा जमा होतो तो बँकेकडं. ज्या शाखेनं नातेवाइकांना, पुढाऱ्यांच्या शिफारशींना डोळे मिटून कर्ज वाटलं, तिचंही पुस्तक त्या पैशानं स्वच्छ झालं. चांगली वसुली करणाऱ्या शाखेला कुणी काही दिलं नाही. आम्ही शेतकऱ्याच्या शिस्तीवर परिपत्रकं काढत राहिलो. आमच्या शिस्तीचं परिपत्रक मला ३४ वर्षांत आलं नाही.

२०१७ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल म्हणाले होते की कर्जमाफीनं प्रामाणिकपणे कर्ज फेडण्याची सवय मोडते. दोन महिन्यांत, १ जूनला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात राज्यानं दीड लाखांपर्यंतची माफी जाहीर केली. पटेलांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. झेव्हियर जिने आणि मार्टिन कँझ या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ च्या माफीनंतरची आकडेवारी तपासली. ज्या जिल्ह्यांत माफी जास्त झाली तिथं नंतरची परतफेड जास्त बिघडली, आणि थकबाकी निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणं हलू लागली, असं त्यांना आढळलं. तुमचा शेजारी चौकात बसून जे करतोय तेच हे. पण ही सवय मोडली कशानं, हे मला पटेलांपेक्षा वेगळं दिसतं. मदत मिळाली म्हणून मोडली असं मी म्हणणार नाही. ती कुणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात मिळाली, याला काही रीतच नव्हती म्हणून मोडली.

रीत असलेली मदत आपल्याकडं नवी नाही. दामदुप्पट म्हणजे काय हे तुमच्या आजोबांना माहीत असेल : व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनचा कायदा आला. त्यात कोर्टाला कर्जखताच्या मागं जाऊन मुळात घेतले किती आणि फेडले किती हे तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. तेव्हाही आता कुणी कर्ज फेडणार नाही अशी ओरड झालीच असेल. पण त्यात प्रत्येकाचा हिशेब वेगळा बघायचा होता. सरसकट नव्हतं आणि तारखेची लॉटरीही नव्हती. अगदी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही कंपनीचं कर्ज कमी करून मिळतं तेव्हा मालकाच्या हातातून किल्ल्या जातात, आणि जाणूनबुजून बुडवलेल्याला तीच कंपनी मागच्या दारानं परत घेता येत नाही, निदान कायद्यात तरी.

आता तुमच्याकडं येतो. तुम्ही स्वतःला जबाबदार आणि शेजाऱ्याला बेजबाबदार म्हणता. शेजाऱ्याला मी ओळखत नाही, तुम्ही म्हणता तसाच असेल. पण तुमचे आकडे मी कागदावर मांडले. सत्तावीस क्विंटल, ४,१०० भाव : १,१०,७०० रुपये. तुमचं कर्ज १,१०,०००. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी, घरखर्च धरलाच नाही, तरी हातात उरतात ७०० रुपये. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव धरला तरी तो ४,८९२ होता. तेवढा मिळाला असता तर २१,३८४ रुपये जास्त आले असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात हेच सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. जाहीर केलेला भाव शेतकऱ्याच्या हातात पडला नाही, यातली बेजबाबदारी तुमची नाही आणि तुमच्या शेजाऱ्याचीही नाही. थकबाकीच्या यादीतल्या माणसाला त्याच्या कर्माची फळं भोगू द्या असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, यातलं कर्म त्याचं किती?

तुमची बायको झोपेचं बोलली म्हणून एक विचारतो. गेल्या मार्चला तुम्ही पैसे कुठून भरले? रागावू नका. नवं-जुनं मी शेकड्यांनी पाहिलंय. ३१ मार्चला खाजगीतून चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं कर्ज उचलून ते परत करायचे. मधला माणूस हजार-दोन हजार घेतो. सोसायटीच्या फळ्यावर वसुली शंभर टक्के, चेअरमनचा सत्कार, आणि शेतकरी नियमित कर्जदार. माझ्या सहीनं असे कितीतरी शंभर टक्के वर गेले. त्यातल्या कितीजणांकडं खरंच पैसे होते हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. तुमचंही तसं असेल तर तुम्हीही अडचणीतच आहात. शेजाऱ्याची अडचण यादीत दिसते, तुमची दिसत नाही.

तरीही भरा म्हणतो, कारण हिशेब असा आहे. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तुम्हाला व्याज शून्य पडतं. तारीख चुकली की सवलत जाते, वर थकबाकीचं व्याज चढतं, आणि जूनमध्ये पेरणीला नवं कर्ज मिळत नाही. मग तेच १,१०,००० खाजगीतून उचलायचे. शेकडा तीननं महिन्याला ३,३०० रुपये, वर्षाला ३९,६००. माफी कधी येईल, कुठल्या तारखेपर्यंतच्या कर्जाला, किती रकमेपर्यंत, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाखांची होती आणि मुद्दल-व्याज मिळून त्याच्या वर गेलेलं खातं सरळ बाहेर. माझ्या ओळखीचा एकजण २,०६,००० वर होता, माफीची वाट बघत व्याज वाढू दिलं होतं. त्याला एक रुपया मिळाला नाही. नियमित भरणाऱ्यांना त्याच योजनेत ५०,००० पर्यंत प्रोत्साहन ठरलं होतं. ते मिळायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला, पण मिळालं. तुम्हालाही मिळालं असेल, पासबुक बघा.

आणि मुलाला शाखेत बरोबर घेऊन जा. यंदा पिकाचं नुकसान होऊन तुमच्या गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली असेल, तर पीक कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा : एका वर्षात फेडायचं कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांवर जातं, खातं थकीत धरलं जात नाही आणि नवं पीक कर्ज मागता येतं. हप्त्यांवर गेलेल्या रकमेला व्याज किती लागेल तेही लेखी घ्या. ही सवलत कुणी थकवण्याची वाट बघत नाही, पण अर्ज केल्याशिवाय मिळतही नाही, आणि आमच्यासारखे लोक ती आपणहून सांगत नाहीत. आबांना मी ती सांगू शकलो असतो. त्या ओसरीवर बसून मी जप्तीचं सांगितलं.

प्रश्न : काका, मी छत्रपती संभाजीनगरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगा २५ वर्षांचा, पुण्यात खाजगी नोकरीला, पगार ३२,०००. दोन वर्षांपूर्वी त्याच्या क्रेडिट कार्डाचे ४२,००० मी भरले. गेल्या वर्षी ८५,०००. आता कार्ड आणि मोबाईलवरच्या ॲपचं मिळून १,६०,००० झालेत. मला कळलं ते शाळेत वर्गावर असताना वसुलीवाल्याचा फोन आला म्हणून. माझा भाऊ म्हणतो, 'ताई, एकदा तोंडावर पडू दे, तरच शहाणा होईल.' मिस्टर म्हणतात, एफडी मोडू आणि एकदाचं मिटवू. पोराचा चेहरा बघवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसेल तर हे कर्ज तुमचं नाही. मुलगा सज्ञान आहे. वसुलीवाल्यानं तुम्हाला शाळेत फोन करणं चूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदारालाही करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देणं तर नाहीच. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नावं-नंबर उचलायला परवानगी नाही. तसं झालं असेल, धमकी आली असेल, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. त्याला मुलाला वाचवणं म्हणू नका, तो तुमचा हक्क आहे.

एफडी मोडू नका. पण तुमच्या भावाचं म्हणणंही मला मान्य नाही. पडू दे म्हणायला सोपं असतं. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला शेकडा साडेतीनच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. औशाच्या दादांना सावकार जे घेतो त्याहून जास्त. यात पोरगं शहाणं व्हायला दोन वर्षं लागली, तर १,६०,००० चे तीन लाखांच्या वर जातील आणि शहाणपणाची फी म्हणून ती फार झाली. शिवाय पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली सगळी शहाणी होत नाहीत. काही नुसती गप्प होतात, आणि पुढचं कर्ज अजून लपवून काढतात.

मला वाटतं तुमची चूक मदत करण्यात झाली नाही, त्याच्या वतीनं करण्यात झाली. हे मी माझ्या घरातल्या गोष्टीवरून सांगतो. माझ्या धाकट्या भावानं दुकानासाठी कर्ज काढलं होतं. दुकान चालेना. वसुलीत काम करणारा मी, माझ्या घरात नोटीस नको म्हणून दोन वर्षं त्याचे हप्ते परस्पर भरत राहिलो, शाखेतल्या माणसाला सांगून ठेवलं होतं की त्याला काही कळवू नका. त्याला वाटत होतं दुकानाच्या गल्ल्यातून भागतंय. त्यानं त्याच काळात आणखी माल भरला. सगळं उघडं पडलं तेव्हा तो आभार मानील असं मला वाटलं होतं. तो माझ्यावर भडकला. 'दादा, मी बुडतोय हे तू मला कळूच दिलं नाहीस.' आईसमोर बोलला. पुढं वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. दुकान त्यानं स्वतः बंद केलं, माल विकला, उरलेलं कर्ज तडजोडीत पाच वर्षांत फेडलं. त्या पाच वर्षांत मी त्याला एक पैसा दिला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्याबरोबर वही घेऊन बसत होतो, एवढंच.

तुम्ही ४२,००० भरले तेव्हा ते कुणाच्या खात्यावरून गेले? तुमच्या, असंच असणार. बँकेचा माणूस त्यानं बघितला का? व्याजाचा दर त्याला तोंडपाठ आहे का? तुम्ही दोन वेळा भरलंत, पण त्याला स्वतःला कर्ज फेडल्याचा दिवस एकदाही बघायला मिळाला नाही. कार्ड मात्र खिशातच राहिलं.

या वेळी असं करा. त्याला घरी बोलवा, फोनवर नको. मिस्टरांनाही बसवा, त्यांच्यापासून काही लपवायचं नाही. वसुलीवाल्यांना फोन तो स्वतः करील, तुमच्यासमोर. कार्डावरची बाकी हप्त्यांत बदलून मिळते का, कमी व्याजाचं एकच कर्ज काढून ॲपची कर्जं बंद करता येतात का, हे तो विचारील. तडजोड मागायची वेळ आलीच तर एवढं त्याला माहीत असू द्या की त्याची नोंद त्याच्या क्रेडिट इतिहासात राहते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना ती समोर येते. ती नोंद तुम्ही पुसून देऊ नका. ३२,००० पगारातून खोलीभाडं आणि जेवण वजा जाता बारा हजार तरी सुटतील. सगळ्यात महागड्या कर्जापुरते तीस-चाळीस हजार तुम्हाला द्यावेसे वाटले तर द्या, आईचा जीव आहे, देऊ नका म्हणायचा मला अधिकार नाही. पण ते कागदावर लिहून, बिनव्याजी, महिन्याला ठरावीक रक्कम परत करायची या बोलीवर. आणि कार्ड त्याच दिवशी बंद, कापून टाकून भागणार नाही, बँकेकडून बंद केल्याची लेखी पोच घ्यायची.

या पैशाचं तो काय करत होता, तेही विचारा. ओरडून नको. कपडे, फोन, मित्रांबरोबरचं खाणंपिणं असेल तर वही पुरेल. मोबाईलवरचे पैसे लावायचे खेळ असतील तर नुसती वही पुरणार नाही, त्याला डॉक्टरांची मदत लागेल, आणि मग एक रुपयाही त्याच्या हातात न देता थेट कर्ज देणाऱ्याकडंच भरा.

रविवारी बोलवा. आधी जेवायला घाला. ताटं उचलल्यावर वही त्याच्यापुढं ठेवा, पेन त्याच्याच हातात द्या, आणि कुठल्या कर्जाला किती व्याज आहे ते एकेक करून त्यालाच लिहू द्या. तुम्हाला एखादा आकडा आधीच माहीत असला, तरी सांगू नका.